गटाचा हिशोब संगणकावर: साधन फुकट, शिकवणीही फुकट

 

आपली पंचसूत्री सगळ्यांना तोंडपाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशोब. पहिली चार सूत्रं आपण सगळ्याजणी मिळून पाळतो. पाचवं मात्र एकटीच्या गळ्यात पडतं. जिला लिहिता येतं, तिच्या. एका गटापुरतं वहीत भागतं. पण ग्रामसंघात दहा-बारा गट आले, की कुणाचं किती बाकी हे शोधायला लिपिकेला चार-चार वह्या उलटाव्या लागतात.

मग कुणीतरी सुचवतं, संगणकावर प्रोग्रॅम करून घेऊ. बाहेरचा माणूस येतो, पैसे घेतो, प्रोग्रॅम बसवतो आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवून निघून जातो. पुढं एक रकाना वाढवायचा तरी त्याचा फोन लागायची वाट बघा. बाई, पैसा आपला, बचत आपली, आणि हिशोबाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात! म्हणून आज सांगते, हे काम गावातली संगणक शिकलेली लेक किंवा सून करू शकते. त्यासाठी लागणारं साधन फुकट आहे. शिकवणीही फुकट आहे, आणि ती मराठीत आहे.

या कामाला डेटाबेस म्हणतात. म्हणजे एकमेकींना जोडलेल्या वह्या. सुरुवात संगणकावर करायची नाही, कागदावर करायची. आणि ती आपण सगळ्यांनी करायची, कारण गटाचं काम त्या मुलीपेक्षा आपल्याला जास्त कळतं.

कागदावर तीन तक्ते आखा. पहिला सदस्यांचा: सदस्य क्रमांक, नाव, गट, प्रवेशाची तारीख. दुसरा कर्जाचा: कर्ज क्रमांक, सदस्य क्रमांक, तारीख, रक्कम, व्याजदर, कशासाठी घेतलं. तिसरा परतफेडीचा: कर्ज क्रमांक, तारीख, मुद्दल किती, व्याज किती. बचतीचा चौथा तक्ता याच रीतीनं करता येतो.

आता क्रमांक कशाला? एका गावात तीन सुनीता असतात, कधी आडनावही एकच असतं. नावावर हिशोब ठेवला तर एकीचा हप्ता दुसरीच्या नावावर चढतो. क्रमांक मात्र एकीचा एकच. नाव फक्त पहिल्या तक्त्यात लिहायचं, बाकी सगळीकडं क्रमांक.

आणखी एक गोष्ट. शिल्लक रक्कम हातानं लिहायची नाही, ती संगणकाकडून काढून घ्यायची. समजा, 10,000 रुपये कर्ज घेतलं आणि 1,000 रुपये मुद्दलाचे तीन हप्ते फेडले. कर्जातून हप्ते वजा करून 7,000 बाकी हे संगणकच सांगतो. वहीत मागच्या पानावरचा एक आकडा दुरुस्त केला, की पुढच्या सगळ्या शिलकी खोडाव्या लागतात. इथं एक नोंद सुधारली, की पुढचं आपोआप सुधारतं.

कागद तयार झाला, की साधन घ्या. त्याचं नाव लिब्रेऑफिस. 2010 साली हा प्रकल्प सुरू झाला, आणि द डॉक्युमेंट फाउंडेशन ही ना-नफा संस्था तो सांभाळते. त्यात पत्र लिहायचा भाग आहे, आकडेमोडीचा भाग आहे आणि बेस नावाचा डेटाबेसचा भाग आहे. मायक्रोसॉफ्टचं ॲक्सेस अशाच कामाचं आहे, पण ते विकतचं. लिब्रेऑफिस डॉट ओआरजी या त्यांच्या स्वतःच्या ठिकाणाहूनच ते उतरवून घ्या. उतरवताना देणगीचं पान समोर येईल. देणगी ऐच्छिक आहे, सक्ती नाही. एकदा बसवलं की रोजच्या कामाला इंटरनेट लागत नाही, म्हणजे रेंज नसलेल्या वाडीतही चालतं.

शिकवणीसाठी आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरिअल हा प्रकल्प आहे. पत्ता लिहून घ्या: स्पोकन, मध्ये आडवी रेघ, ट्युटोरिअल, डॉट ओआरजी. तिथं लिब्रेऑफिस बेसचे धडे मराठी आवाजात आहेत. एक धडा साधारण दहा मिनिटांचा. थोडं बघायचं, थांबवायचं, तेवढंच आपल्या संगणकावर करायचं, मग पुढं जायचं. त्यात उदाहरण घेतलंय ग्रंथालयाचं: पुस्तकं, सभासद आणि कुणी कोणतं पुस्तक नेलं. नीट बघितलं तर ते आपलंच काम आहे. पुस्तक नेलं म्हणजे कर्ज घेतलं, पुस्तक परत केलं म्हणजे परतफेड झाली!

इंग्रजी वाचता येत असेल तर बेसची जाडजूड मार्गदर्शिकाही लिब्रेऑफिसच्याच ठिकाणी फुकट मिळते. आणि कुठं अडलंच, तर आस्क लिब्रेऑफिस या ठिकाणी प्रश्न टाकता येतो. उत्तरं देणारे बहुतेक स्वयंसेवक असतात. म्हणून प्रश्न नीट विचारायला हवा. "माझं चालत नाही" एवढ्यावर डॉक्टरही औषध देत नाही. काय करत होते, पडद्यावर कोणता संदेश आला तो अक्षरशः जसाच्या तसा, लिब्रेऑफिसची आवृत्ती कोणती आणि संगणकावर विंडोज आहे की लिनक्स, या चार गोष्टी लिहा.

एक अडचण आधीच सांगून ठेवते. नवा डेटाबेस करताना "जावा रनटाइम हवं" असा संदेश येऊ शकतो. घाबरू नका, संगणक बिघडलेला नाही. बेसच्या आतल्या डेटाबेसला जावा लागतं, आणि तेही फुकट मिळतं. मात्र विंडोजवर लिब्रेऑफिस 64 बिटचं असेल तर जावाही 64 बिटचंच हवं. हे जुळलं नाही, तर जावा बसवूनही तोच संदेश पुन्हा येतो.

नावं मराठीत टाइप करा, पण युनिकोडमध्ये. फाँट बदलला की अक्षरांची चित्रविचित्र चिन्हं होतात, ती जुनी पद्धत नको. त्यात एखादं नाव शोधायला गेलं तर सापडत नाही.

आता मैत्रिणींनो, कान देऊन ऐका. मदत मागताना गटाची खरी फाइल कुणालाही पाठवायची नाही. तिची नक्कल करा, खोटी नावं आणि खोटे आकडे भरा, ती दाखवा. कुणी किती कर्ज काढलं, कशासाठी काढलं, हे गटाच्या चार भिंतींतलं बोलणं आहे. कुणी दवाखान्यासाठी घेतलेलं असतं, कुणी लेकीच्या फीसाठी. ते जगाला कशाला? आधार क्रमांक आणि बँक खात्याचे आकडे या फाइलमध्ये लिहूच नका. आणि मदतीच्या नावाखाली कुणी ओटीपी मागितला, किंवा तुमचा संगणक लांबून चालवायला द्या म्हणाला, तर तिथंच थांबा.

फाइल दर बैठकीनंतर दोन पेनड्राइव्हवर उतरवा. एक अध्यक्षांकडं, एक सचिवांकडं. काम करताना मधूनमधून सेव्ह करा, लाइट कधी जाईल सांगता येत नाही. पासवर्ड ठेवलाच, तर तो बंद पाकिटात गटाच्या पेटीत राहू द्या. वहीसुद्धा बंद करायची नाही. सह्या आणि अंगठे वहीतच होतात. निदान सहा महिने दोन्ही चालू ठेवा आणि दर महिन्याला आकडे ताडून बघा.

ज्यांना लिहिता-वाचता येत नाही, त्या म्हणतील, यात आमचं काय? तुमचंच तर आहे. दर बैठकीत प्रत्येकीची बचत आणि बाकी छापून किंवा पडद्यावरून मोठ्यानं वाचून दाखवायची, असा ठराव करा. आपला आकडा आपल्या कानानं ऐकलेल्या बाईला कुणी चुकीचं सांगू शकत नाही.

तर पुढच्या बैठकीत एवढंच करा. एक मोठा कागद घ्या, तीन तक्ते आखा, आणि आपल्यातली कुठली मुलगी शिकेल ते ठरवा. तिच्या वेळेचं मानधनही ठरावात लिहा. साधन फुकट आहे, पण आपल्या लेकीची मेहनत फुकट नाही.