श्रद्धेला शास्त्राची जोड : पाचगावचा वस्तुपाठ



वृक्षात देवत्व पाहणारी आपली संस्कृती आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. परंतु केवळ नमस्काराने वन वाचत नाही. त्यासाठी नित्य दक्षता आणि ज्ञानयुक्त व्यवस्थापन लागते. चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावने याचा वस्तुपाठ घालून दिला आहे.

२००६ च्या वनाधिकार कायद्यान्वये २०१२ साली या छोट्या गावाला सुमारे एक हजार हेक्टर वनावर सामूहिक हक्क प्राप्त झाला. हक्क म्हणजे ओरबाडण्याची मुभा, असे ग्रामस्थांनी मानले नाही. एकत्र बसून त्यांनी नियम केले. त्यातील एक निर्णय विलक्षण होता. उन्हाळ्यात तेंदूपत्ता हा या भागातील रोख पैशाचा मोठा आधार. तरीही पाचगावने पानतोड बंद केली.

यामागे निव्वळ भावना नव्हती. कोवळी पाने भरपूर यावीत म्हणून तेंदू छाटला जातो, ठिकठिकाणी आगी लावल्या जातात. आगीत पालापाचोळा जळतो, उगवती रोपे करपतात, जमिनीचा कस उतरतो. छाटलेल्या झाडाला फळ धरत नाही. आणि ते फळ तर माणसे, पाखरे व वन्यपशू या सर्वांचे अन्न. गावाने उपजीविकेसाठी बांबूचा आधार घेतला. बांबूलाही शास्त्र आहे : कोवळा राखावा, पक्का तेवढाच तोडावा, बेट उजाड करू नये. शिवाय सुमारे ३४ हेक्टर वन देवराईप्रमाणे पूर्णतः राखून ठेवले.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) येथील गोंड बांधवांनी हीच वाट आधी चोखाळली. २००९ साली त्यांना सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. तथापि बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेकडे येण्यास एप्रिल २०११ उजाडला. तेथे विषयाचा आधी अभ्यासगटात विचार होतो, मग ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय करते.

वनवासी बांधवांना शिकवावयास जाण्यापूर्वी त्यांच्याकडून हे शिकले पाहिजे. हक्काचा कागद हाती आला म्हणजे कार्य संपत नाही. वनाचा नकाशा, झाडांची मोजणी, तोडीची नोंद, आगीवर पहारा हे वर्षानुवर्षांचे काम आहे. सुशिक्षित तरुणांनी सुटीतील काही दिवस अशा गावी जाऊन या नोंदींना हातभार लावावा. निर्णय मात्र गावाचाच असावा. गाव जागे असेल तरच देवराईतील देव जागृत राहील.