पाच अक्ष, एक सेटिंग



सुरत-वलसाडपासून धुळे-जळगावपर्यंतच्या कारखान्यांतून आलेल्यांच्या या संमेलनाचे अध्यक्षपद तुम्ही एका टूलरूमवाल्याला दिलेत. हा मान आपल्या सगळ्यांच्या कामाला मिळाला आहे असे मी मानतो आणि मनापासून आभार मानतो.

संमेलन पलसाण्यात भरते आहे याचा मला विशेष आनंद आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि बारडोली, व्यारा, नवापूरवरून धुळ्याला जाणारा रस्ता इथे एकमेकांना भेटतात. त्याच रस्त्याने आणि ताप्ती व्हॅलीच्या रेल्वेने खानदेशातली कितीतरी घरे उधना, पांडेसरा, लिंबायत, दिंडोलीला आली. आधीची पिढी लूमवर उभी राहिली, पुढची मिलच्या मेंटेनन्समध्ये गेली आणि आता त्यांची मुले स्वतःच्या शेडमध्ये व्हीएमसी चालवत आहेत. पलसाणा-कडोदऱ्याच्या पट्ट्यात डाइंग-प्रिंटिंगच्या मिल आहेत. मिल आहे तिथे शाफ्ट तुटतो, बेअरिंगची सीट झिजते, पंपाचा इम्पेलर खाल्ला जातो. या दुरुस्तीवर आपली छोटी जॉब शॉप उभी राहिली. त्या कामाने आपल्याला पोसले, हात तयार केला. पण नवे काम मागणारे गिऱ्हाईक आता वेगळे आहे, आणि त्याच्या ड्रॉइंगवर फाइव्ह ॲक्सिस यंत्राशिवाय परवडणार नाहीत असे भाग असतात. म्हणून आज मी एकाच विषयावर बोलणार आहे: छोट्या जॉब शॉपने पाच अक्षांचे यंत्र घ्यावे का, आणि घ्यायचे तर कशासाठी.

यंत्राची ओळख तुम्हाला करून द्यायला नको. एक्स, वाय, झेड या तीन सरळ चाली आणि त्यांच्या जोडीला दोन फिरत्या चाली. कुठे टेबल कलते आणि फिरते, कुठे स्पिंडलचे डोके. प्रदर्शनात हे यंत्र बघायला गर्दी होते ती इम्पेलर कोरताना. ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून पिळदार पाती उमलतात, पाचही अक्ष एकाच वेळी हलत असतात. दृश्य देखणे आहे यात शंका नाही. पण माझे स्पष्ट मत आहे की ते दृश्य पाहून कुणी यंत्राची ऑर्डर देऊ नये. आपल्याकडे येणाऱ्या कामांपैकी फार थोड्या कामांना पाचही अक्ष एकदम चालावे लागतात. बाकी बहुतेक कामांत टेबल एका कोनात नेऊन ब्रेक लावायचा आणि मग नेहमीसारखे तीन अक्षांतच कटिंग करायचे. याला आपण थ्री प्लस टू म्हणतो. छोट्या शॉपची कमाई इथे आहे.

एक उदाहरण घेऊ. स्टेनलेस स्टीलचा मॅनिफोल्ड ब्लॉक आहे, पाच बाजूंना भोके, आत ती एकमेकांना छेदतात, दोन भोके तिरकी. साध्या व्हीएमसीवर याच्या किमान पाच सेटिंग होतात आणि तिरक्या भोकांसाठी वेगळे फिक्श्चर लागते. प्रत्येक सेटिंगला जॉब सोडा, बर काढा, वाइसचे जबडे पुसा, पुन्हा डायल लावा, पुन्हा झिरो घ्या. दर वेळी दोन शतांश मिलीमीटर जरी सरकले तरी पहिल्या बाजूचे भोक आणि पाचव्या बाजूचे भोक यांच्यात किती फरक पडेल हे सेटरच्या त्या दिवशीच्या हातावर अवलंबून राहते. शिवाय जॉब मशीनवर कमी आणि टेबलाखाली ट्रेमध्ये जास्त वेळ पडून असतो. पाच अक्षांच्या यंत्रावर तोच ब्लॉक खालून डव्हटेलमध्ये एकदा पकडला की पाचही बाजू एका पकडीत होतात. उरते ती खालची बाजू. गणपती घडवणारा मूर्तिकार मूर्ती फिरत्या पाटावर ठेवतो आणि पाट फिरवून सगळीकडून काम करतो, तसेच हे. पाच अक्षांच्या यंत्राची खरी किंमत गाळलेल्या सेटिंगमध्ये मोजावी.

दुसरा फायदा टूलच्या लांबीत आहे, आणि त्याच्याकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही. खोल खिशात शिरायला लांब एंड मिल लावली की ती वाकते, थरथरते, भिंतीवर लाटा उठतात. त्याच व्यासाच्या टूलची बाहेर निघालेली लांबी निम्मी केली तर तेवढ्याच जोराने होणारे वाकणे एक अष्टमांशावर येते, कारण वाकणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. जॉब कलवता आला की टूल आखूड लावता येते. बॉल नोजचेही तसेच आहे. टूल सरळ उभे असताना त्याच्या टोकाच्या मध्यबिंदूला कटिंग स्पीड शून्य असते. तिथे धातू कापला जात नाही, घासला जातो. टूल दहा-पंधरा अंश कलवले की कापणारी कड मध्यापासून दूर जाते, फिनिश सुधारते आणि नंतरचे हाताचे पॉलिशिंग कमी होते. डाय-मोल्डचे काम करणाऱ्यांनी हा हिशेब आपल्या पॉलिशवाल्याच्या तासांत मांडून पाहावा.

आता अडचणीही तेवढ्याच स्पष्टपणे सांगतो. फिरणाऱ्या टेबलाची चूक अंतराबरोबर वाढते. कोनात दहा सेकंदांची चूक, म्हणजे एका अंशाच्या तीनशेसाठाव्या भागाची चूक, मध्यापासून 200 मिलीमीटरवर सुमारे 10 मायक्रॉन होते. फिरण्याचा मध्य कंट्रोलला 20 मायक्रॉनने चुकीचा सांगितला असेल तर जॉब 180 अंश फिरवल्यावर फरक 40 मायक्रॉन दिसतो. म्हणून प्रोब आणि कॅलिब्रेशनचा गोळा हे या यंत्राचे अविभाज्य भाग आहेत. कोटेशन कमी करायचे म्हणून त्यांना काट मारू नका. त्यात आपली हवा. सकाळी आणि दुपारी शेडमध्ये दहा अंशांचा फरक पडला तर 300 मिलीमीटरचा ॲल्युमिनियमचा तुकडा सुमारे 70 मायक्रॉन वाढतो. मिलच्या बॉयलरची राख आणि पावसाळ्यातली दमट हवा या पट्ट्यात जास्तच. कंप्रेसरला चांगला ड्रायर नसेल तर ते पाणी स्केलपर्यंत आणि रोटरीच्या सीलपर्यंत पोहोचते. यंत्राआधी खोली बंद करा, एसी लावा, हवा कोरडी करा. तेवढे पैसे नसतील तर यंत्र एक वर्ष उशिरा घ्या.

पैशांचा हिशेब थोडक्यात मांडतो. समजा यंत्र, प्रोब, फिक्श्चर, कॅम सॉफ्टवेअर आणि पोस्ट प्रोसेसर मिळून एक कोटी रुपये कर्ज काढले, व्याज दहा टक्के, मुदत सात वर्षे. महिन्याचा हप्ता सुमारे 1,66,000 रुपये. स्पिंडल महिन्याला 200 तास फिरला तर नुसता हप्ताच तासाला 830 रुपये बसतो. 400 तास फिरला तर 415. माणूस, वीज, टूल, भाडे हे वेगळे. म्हणजे एका पाळीत चालवायचे असेल तर हे यंत्र घेऊ नये. आणि मिलच्या दुरुस्तीवर दोन पाळ्या भरणार नाहीत, हे मी पलसाण्यातच उभा राहून सांगतो. काम महामार्गाच्या दोन्ही टोकांना शोधावे लागेल. वापीला स्टेंट आणि हाडांचे इम्प्लांट बनतात. हाजिऱ्याला जड अभियांत्रिकी आणि तोफांचे काम आहे. वडोदऱ्याला सी-295 विमानांच्या जुळणीचा कारखाना ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाला. मात्र या गिऱ्हाइकांकडे यंत्र आहे एवढे सांगून चालत नाही. वैद्यकीय कामाला आयएसओ 13485 आणि विमानाच्या कामाला एएस 9100 हे प्रमाणपत्र विचारतात. त्यासाठी प्रत्येक तुकड्याचा कागद हवा: धातू कुठल्या हीटचा, कुणी मोजला, कशाने मोजला. कागदाची ही सवय लागायला यंत्र बसवण्यापेक्षा जास्त दिवस लागतात. ती आजच्या तीन अक्षांच्या कामावरच लावून घ्या.

थेट पूर्ण यंत्रावर उडी घेण्याची गरज नाही, हेही लक्षात असू द्या. हातातल्या व्हीएमसीवर आधी रोटरी टेबल बसवा, मग कलणारे टेबल. अशी टेबले बेंगळुरूला बनतात. झेडची उंची त्यात बरीच जाते आणि जॉब लहान राहतो, पण मुले शिकतात आणि गिऱ्हाईक कळते. पूर्ण यंत्र घ्यायचे तर भारतीय यंत्रे आता विचारात घेण्याजोगी आहेत. राजकोटच्या ज्योती सीएनसीने 2007 मध्ये फ्रान्सची यंत्रे बनवणारी जुनी ह्युरॉन कंपनीच विकत घेतली.

परदेशी यंत्र, विशेषतः जुने, घेणाऱ्यांना एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. 1952 मध्ये अमेरिकेत एमआयटीने आकड्यांवर चालणारे पहिले मिलिंग यंत्र दाखवले. त्यामागे जॉन पार्सन्स यांची हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या आकाराची गरज होती आणि पैसा हवाई दलाचा होता. तेव्हापासून हे तंत्र आणि लष्कर यांची सोबत सुटलेली नाही. ऐंशीच्या दशकात तोशिबा मशीनने प्रोपेलर कोरणारी बहुअक्षी यंत्रे आणि नॉर्वेच्या कॉन्ग्सबर्गने त्यांचे कंट्रोल सोव्हिएत रशियाला दिले. 1987 मध्ये ते उघड झाले, त्यामुळे सोव्हिएत पाणबुड्या शांत झाल्याचा आरोप झाला आणि तोशिबाच्या अध्यक्षांना पद सोडावे लागले. आजही पाचही अक्ष समन्वयाने चालवणारी अचूक यंत्रे वासेनार कराराच्या निर्यात-नियंत्रण यादीत आहेत. भारत डिसेंबर 2017 मध्ये त्या करारात सामील झाला. याचा तुमच्या शेडशी संबंध असा, की अनेक जपानी यंत्रांत जागा बदलल्याचे ओळखणारे उपकरण असते. निर्मात्याला न कळवता यंत्र हलवले की ते बंद पडते आणि त्यांच्याच माणसाने उघडल्याशिवाय चालू होत नाही. दलालाकडून स्वस्तात मिळणाऱ्या यंत्राचा अंतिम वापराचा कागद आणि निर्मात्याची लेखी संमती हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नका.

कर्जाचा मार्ग पूर्वीपेक्षा मोकळा आहे. एप्रिल 2025 पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या तारणाविना कर्जावरची हमी दहा कोटींपर्यंत गेली. आयकर कायद्यातल्या एका तरतुदीमुळे, लेखी करार असेल तर 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत आपले बिल न देणाऱ्या कंपनीला तो खर्च पैसे दिल्याशिवाय वजा करता येत नाही. त्यासाठी उद्यम नोंदणी हवी. ज्यांनी ती अजून केली नाही त्यांनी या आठवड्यात करावी.

आता माणसांविषयी, कारण हा विषय माझ्या सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. तीन अक्षांच्या यंत्रावर चांगला सेटर शेवटच्या क्षणी फीड होल्ड दाबून जॉब वाचवतो. पाच अक्षांवर टेबल आणि डोके एकदम हलतात तेव्हा धडक कुठून होईल हे डोळ्यांना वेळेवर दिसत नाही. धडक आधी संगणकावरच दिसली पाहिजे. म्हणजे प्रोग्रॅम करणारा आणि यंत्र चालवणारा यांनी एकत्र विचार करायला हवा. आज आपल्याकडे प्रोग्रॅमर बाहेरचा असतो, तासावर येतो आणि निघून जातो. आणि आयटीआय झालेला, वीस वर्षे हात घासलेला सेटर त्या संगणकासमोर बसायला कचरतो, कारण सगळी माहिती इंग्रजीत. मी हे खात्रीने सांगतो: जॉब कसा पकडावा, कुठे वाकेल, कुठला कट शेवटी घ्यावा हे ज्याला कळते त्याला कॅम शिकवणे सोपे, ज्याला फक्त कॅम येते त्याला धातू शिकवणे अवघड. तुमच्या सेटरला सहा महिने रोज दोन तास मोकळे करा आणि त्याला शिकवा. पगार वाढवा, नाहीतर तो शिकून वापीला जाईल, आणि त्यात त्याचा दोष नसेल.

त्याला शिकायला मराठीत काय आहे? पुण्याहून निघणारे ‘धातुकाम’ मासिक हे काम निष्ठेने करते आहे. प्रत्येक शॉपमध्ये ते यायला हवे. यंत्रांविषयी मराठीत लिहिण्याची आपली परंपराही जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा शेतकरी तो घ्यायला धजत नव्हता. 1910 मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि 1920 मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. एका यंत्रकारखान्याच्या माहितीपत्रातून महाराष्ट्राचे एक मोठे मासिक वाढले. यंत्र बनवणाऱ्याने आपल्या भाषेत लिहायचे असते हे आपल्याच माणसांनी करून दाखवले आहे. आज आपल्या शॉपमधले ज्ञान सेटरच्या डोक्यात असते आणि तो नोकरी सोडतो त्या दिवशी दाराबाहेर जाते.

म्हणून या व्यासपीठावरून दोन गोष्टी मागतो. एक, या पट्ट्यातल्या तीन-चार शॉपनी मिळून एक यंत्र घ्यावे. एकट्याला दोन पाळ्या भरणे जड जाते, चौघांना जाणार नाही. तासांची वाटणी, दुरुस्तीचा वाटा आणि बाहेर पडण्याची अट पहिल्याच दिवशी लेखी करा. दोन, पुढच्या संमेलनाला येताना प्रत्येकाने आपल्या एका जॉबची सेटिंग मराठीत लिहून आणावी. गिऱ्हाइकाचे नाव आणि ड्रॉइंग वगळा. जॉब कुठे पकडला, झिरो कुठे घेतला, टूल किती बाहेर काढले, स्पीड-फीड काय, काय बिघडले आणि कसे सुधारले, एवढे दोन पानांत लिहा. लिहिणे जमत नसेल तर तुमच्या सेटरने सांगावे आणि घरातल्या कॉलेजला जाणाऱ्या मुलीने किंवा मुलाने उतरवून घ्यावे. जमलेली पाने एकत्र करून छापण्याची जबाबदारी अध्यक्ष म्हणून मी घेतो.