बाहेर, पण किती दिवस?



विधानसभेत कुणी फारच गोंधळ घातला, तर अध्यक्ष त्याला बाहेर जायला सांगतात. 'सन्माननीय सदस्य' म्हणूनच सांगतात बरं का! ऐकलं नाही, तर मार्शल असतातच. पण बाहेर म्हणजे किती दिवस?

या प्रश्नात आपला जालना जिल्हाही सापडला होता. 5 जुलै 2021. पावसाळी अधिवेशन, तेही दोनच दिवसांचं. नाना पटोले यांनी फेब्रुवारीत राजीनामा दिल्यापासून अध्यक्षपद रिकामंच होतं. आसनावर होते तालिका अध्यक्ष भास्कर जाधव. तालिका अध्यक्ष हा तात्पुरता माणूस. पण खुर्चीत आहे तोवर सभागृह त्याच्याच हुकमात. ओबीसींची माहिती केंद्राकडे मागण्याच्या ठरावावरून गदारोळ झाला. दालनात जाधवांना शिवीगाळ झाली, असा आरोप झाला. भाजपनं तो नाकारला. खरंखोटं बाजूला ठेवू. भाजपचे 12 आमदार वर्षभरासाठी निलंबित झाले, आणि त्यांत आपल्या जिल्ह्यातल्या बदनापूरचे नारायण कुचे होते.

विधानसभेचा नियम 53 काय म्हणतो? बेशिस्त सदस्याला अध्यक्षांनी त्या दिवसापुरतं बाहेर काढावं. त्याच अधिवेशनात पुन्हा तेच केलं, तर उरलेल्या अधिवेशनापुरतं. वर्षाचा ठराव मात्र सभागृहानं केला होता, आवाजी मतदानानं. सभागृह तरी मर्यादा ओलांडू शकतं का?

सर्वोच्च न्यायालयानं 28 जानेवारी 2022 रोजी सांगितलं, नाही. अधिवेशनापलीकडचं निलंबन बेकायदा. त्यामागचा विचार ऐकण्यासारखा आहे. आमदार परवानगीशिवाय 60 दिवस गैरहजर राहिला, तर जागा रिकामी ठरवता येते. जागा रिकामी झाली, की सहसा सहा महिन्यांत पोटनिवडणूक. निलंबनात यातलं काहीच नाही. आमदार आहे, पण आत नाही. म्हणून दुसरा निवडताही येत नाही. डिसेंबर 2021 च्या हिवाळी अधिवेशनात बदनापूरच्या वतीनं उभं राहायला बदनापूरचं कुणीच नव्हतं. शिक्षा कुचेंना, आणि गैरहजेरी मतदारांची!

हा एका पक्षाचा दोष समजू नका. मार्च 2017 मध्ये पारडं उलटं होतं, भाजप सत्तेत होता. तेव्हा विरोधी बाकांवरचे 19 आमदार थेट 31 डिसेंबरपर्यंत निलंबित झाले होते. पुढे ते निलंबन मागे घेतलं गेलं. अध्यक्ष होते हरिभाऊ बागडे, फुलंब्रीचे. आणि लोकसभेला फुलंब्री येते आपल्याच जालना मतदारसंघात.