आपत्ती तीच, न्याय निराळा

(नौपाडा, ठाणे येथील व्याख्यानाचा संपादित भाग)



४ ऑगस्ट २०१५ ची रात्र नौपाडा विसरलेला नाही. बी केबिन परिसरातील कृष्णा निवास ही जुनी इमारत मध्यरात्रीनंतर कोसळली आणि १२ जणांचा बळी गेला. सारे ठाणे हळहळले, आणि ते स्वाभाविकच होते. पण ४ एप्रिल २०१३ ही तारीख किती ठाणेकरांच्या स्मरणात आहे? त्या सायंकाळी शिळफाट्याजवळ लकी कम्पाउंडमधील अनधिकृत इमारत, बांधकाम चालू असतानाच, कोसळली. ७४ माणसे मृत्युमुखी पडली. महानगरपालिका तीच. मृतांत अनेक मजूर आणि त्यांची मुलेबाळे होती. त्यांना ओळखणारे नौपाड्यात फारसे कोणी नव्हते, इतकेच.

ओळखीच्या माणसाचा शोक अधिक होतो, हा मनुष्यस्वभाव आहे. त्याला दोष देण्याचे कारण नाही. शासनयंत्रणाही त्याच न्यायाने चालू लागते, तेव्हा मात्र विचार करावा लागतो.

२६ जुलै २००५ चे उदाहरण घ्यावे. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली आणि हा आकडा देशभर तोंडपाठ झाला. (कुलाब्याला त्याच दिवशी ७५ मिलिमीटरही पाऊस नव्हता, हे सहसा कोणी सांगत नाही.) उल्हास आणि वालधुनी या नद्यांनी कल्याण, उल्हासनगर, बदलापूर जलमय केले. त्याच सुमारास रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात जुई, दासगाव, कोंडिवते आणि रोहन या गावांवर दरडी कोसळल्या. एकाच तालुक्यातील दीडशेहून अधिक माणसे मातीखाली गेली. सावित्रीच्या पुराने तेथील वाटा अडविल्या होत्या, आणि वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे मुंबईत होते.

मृतांच्या वारसांना मिळणारे साहाय्य ठरलेल्या निकषांनुसारच मिळते. तेथे फारसा भेद करता येत नाही. खरी विषमता सुरू होते ती पाणी ओसरल्यावर. मुंबईतील मिठी नदीसाठी ऑगस्ट २००५ मध्येच स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. मुंबईच्या पुराची कारणे शोधण्यासाठी डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. पर्जन्यजलवाहिन्यांच्या ‘ब्रिमस्टोवॅड’ प्रकल्पाला केंद्राचा निधी मिळाला. हे मुंबईला मिळायलाच हवे होते. पण त्या वर्षी वालधुनीला प्राधिकरण मिळाले नाही, सावित्रीलाही नाही. डोंगराखालच्या गावांच्या वाट्याला आल्या त्या धोकादायक गावांच्या याद्या!

पुढे २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातच तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक बळी गेले. शासकीय मदत पोहोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी ही ठाकर समाजाची वस्ती गाडली गेली. वाडीपर्यंत रस्ताच नसल्याने जेसीबी वर चढविता आला नाही. माणसांनी कुदळ-फावड्याने माती उपसली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि चौथ्या दिवशी शोध थांबला. दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते, असे विधिमंडळात सांगण्यात आले.

इर्शाळगडावर जाणाऱ्या ठाणे-डोंबिवलीच्या गिर्यारोहकांना मात्र ते नाव ठाऊक होते. गडाच्या वाटेवर हीच वाडी लागत असे.