बैलाच्या पाठीवरची छटा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो आणि पोरं सजवलेले लाकडी बैल घेऊन निघतात. ढाणकी गावाच्या परिसरात कुणी असा बैल किंवा गणपतीची मूर्ती रंगवत असेल, तर आजची माहिती त्यांच्यासाठी आहे. पांढऱ्या पाठीवरून पोटाकडे हळूहळू गडद होत जाणारी छटा कुंचल्यानं साधणं कठीण. हवेच्या दाबानं रंग फवारणाऱ्या एअरब्रशनं ती सुरेख उतरते.

सुरुवातीला 0.3 मिलिमीटर नोझलचा एअरब्रश आणि टाकी असलेला लहान कॉम्प्रेसर घ्या. टाकीमुळे हवा एकसारखी येते. नळीवर पाणी अडवणारं गाळणं मात्र हवंच. हे काम ऐन पावसाळ्यात येतं. दमट हवा दाबली की तिच्यातलं पाणी सुटतं आणि रंगावर थेंब उडतात.

ॲक्रेलिक रंग दुधाइतका पातळ करून गाळून घ्या. दाब 20 पीएसआयच्या आसपास ठेवा. दुहेरी खटक्याच्या एअरब्रशमध्ये खटका खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग. आधी हवा सोडा, हात फिरता ठेवा, मग रंग द्या. हात थांबला की ओघळ आलाच! अगदी पातळ थर द्या, वाळू द्या, मग पुढचा. डोळ्यांची आखणी मात्र बारीक कुंचल्यानंच करावी, असं मला मनापासून वाटतं.

तोंडाला मास्क लावा, खिडकी उघडी ठेवा. रंग बदलताना स्वच्छ पाणी फवारा आणि काम संपल्यावर एअरब्रशमधली सुई काढून अलगद पुसा.