पुसलेला निरोप कोठे शोधावा?

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



या कार्यक्रमासाठी चिटणीसबाईंनी सभासदांकडून प्रश्नांच्या चिठ्ठ्या मागविल्या होत्या. लोणच्याला बुरशी, गुडघेदुखी, नातवंडांचे हट्ट हे नेहमीचे प्रश्न येतील असे वाटले होते, आणि ते आलेच. पण पाच-सहा चिठ्ठ्यांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत होता : ‘फोनमधले व्हॉट्सॲपचे निरोप पुसले गेले. बॅकअप घेतलेला नव्हता. आता ते परत मिळतील काय?’ मी फोन आणि संगणक वापरावयास शिकविण्याचे वर्ग घेते, म्हणून या चिठ्ठ्या माझ्या पदरात पडल्या.

उत्तर आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी उगाच आशेवर बसावयास नको. पुसलेला निरोप त्याच फोनमधून उकरून काढणे घरगुती माणसाला आता जवळजवळ अशक्य आहे. पण तोच निरोप दुसऱ्या एखाद्या ठिकाणी शाबूत असण्याचा संभव मात्र पुष्कळ असतो. तेव्हा पुसलेल्या जागी खणत न बसता तो आणखी कोठे असेल याचा शोध घ्यावा.

अशक्य का, ते स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगते. आपण निरोप पुसतो तेव्हा फोन डबा घासून ठेवीत नाही; फक्त डब्यावरची चिठ्ठी काढतो आणि ‘हा डबा रिकामा’ असे समजतो. पुढचा जिन्नस आला की तो त्याच डब्यात ओतला जातो. जुन्या फोनांत डबा भरण्याआधी कोणी जाणकाराने पाहिले तर तळाशी काही सापडत असे. आता सारे कोठारच कुलूपबंद असते. २०१९ साली आलेल्या अँड्रॉइड १० पासून नव्या फोनांना हे कुलूप सक्तीचे झाले. त्यातून फोन ‘फॅक्टरी रीसेट’ केला, की किल्लीच नष्ट होते. मग डबे जागेवर असले तरी उपयोग काय?

कित्येक जणींना वाटते की कंपनीच्या सर्व्हरवर सगळे असणारच. तसे नाही. निरोप पोहोचला की व्हॉट्सॲपच्या सर्व्हरवरून तो काढला जातो. न पोहोचलेला तेवढा ३० दिवस थांबतो. शिवाय २०१६ पासून हे निरोप पाठविणारा आणि घेणारा यांनाच वाचता येतील अशा रीतीने बंद केलेले असतात. टेलिफोन कंपनीकडे तर ते नसतातच.

आता शोध कसा घ्यावयाचा ते पाहू. पहिल्याने, निरोप खरोखरच पुसला गेला आहे ना, याची खात्री करावी. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी पुष्कळांचे चॅट पुसलेले नसते, ‘अर्काइव्ह’ झालेले असते. बोट सरकले आणि चॅट माळ्यावर गेले, एवढेच! यादीच्या वरच्या बाजूला ‘अर्काइव्ह्ड’ असा शब्द दिसतो, तेथे पाहावे. एखादा निरोप चुकून ‘माझ्यापुरता’ पुसला गेला तर खाली पाचेक सेकंद ‘अन्डू’ दिसते; त्यावर लगेच बोट ठेवावे. गायब होणारे निरोप चालू केलेले असतील तर मात्र ते २४ तास, ७ दिवस वा ९० दिवसांनी आपोआप जातात, त्यात कोणाचा दोष नाही.

निरोप खरोखरच गेला असेल तर घाईने व्हॉट्सॲप काढून पुन्हा घालू नये. ‘बॅकअप घेतला नव्हता’ असे आपण म्हणतो तेव्हा गूगलवर घेतला नव्हता असा त्याचा अर्थ असतो. पण अँड्रॉइड फोनमध्ये व्हॉट्सॲप रोज पहाटे दोनच्या सुमारास फोनच्याच पोटात एक प्रत करून ठेवते, आणि अशा साधारण सात दिवसांच्या प्रती राहतात. फाइल्सच्या ॲपमध्ये अँड्रॉइड, मीडिया, कॉम डॉट व्हॉट्सॲप, व्हॉट्सॲप, डेटाबेसेस अशा पायऱ्या उतरत गेले की त्या दिसतात. आज दुपारी चॅट पुसले असेल तर आज पहाटेच्या प्रतीत ते असावयाचे. मात्र पहिले काम म्हणजे तो सबंध व्हॉट्सॲपचा फोल्डर संगणकावर उतरवून घेणे. कारण ॲप काढले की त्याच्याबरोबर हाही जाऊ शकतो. मग फोल्डर जागेवर ठेवून, ॲप नव्याने घालून, त्याच नंबराने नोंदणी केली, की ‘जुने परत आणावयाचे काय?’ असे फोन विचारतो. प्रतीनंतर आलेले निरोप यात जातात, म्हणून ते आधी ‘एक्स्पोर्ट’ करून ठेवावेत. हे काम घरातल्या जाणत्या मुलामुलीला शेजारी बसवून करावे. आयफोनमध्ये अशी रोजची प्रत फोनच्या पोटात नसते. तेथे आयक्लाउडवर किंवा संगणकावर घेतलेली प्रत असेल तरच मार्ग आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे ठिकाण. चॅट म्हणजे दोन घरी ठेवलेली एकच वही आहे. आपल्या आयांच्या वेळी पत्र ज्याला आले त्याच्या ट्रंकेत राही. लिहिणाऱ्याकडे काही उरत नसे. व्हॉट्सॲपचे तसे नाही. माझे शब्द आणि तुमचे शब्द दोघींच्याही फोनमध्ये असतात, आणि मी ‘माझ्यापुरते’ पुसले तरी तुमची वही तशीच राहते.

आमच्या आळीतल्या एका बाईंची हकीगत त्यांच्या परवानगीने सांगते. त्यांचे यजमान उपचारांसाठी तीन महिने मुंबईला मुलाकडे होते आणि तेथेच वारले. त्या दिवसांतले दोघांचे सगळे बोलणे व्हॉट्सॲपवर होते. पुढे फोन भरला म्हणून नातवाने जागा करावयास घेतली आणि आजोबांचे चॅट साफ करून टाकले. पोर नऊ वर्षांचे. त्याला काय ठाऊक? बाई त्याला रागावल्या नाहीत, पण दोन दिवस जेवल्याही नाहीत. कोणा दुकानदाराने चार हजार रुपये आगाऊ घेऊन आठ दिवस फोन ठेवून घेतला आणि ‘सर्व्हरवरून येत नाही’ असे सांगून परत केला. पैसे परत आले नाहीत.

त्या माझ्याकडे आल्या तेव्हा मी एकच विचारले, ‘काकांचा फोन कोठे आहे?’ तो मुंबईला मुलाच्या कपाटात होता. सिम मुलाने बंद होऊ दिले नव्हते, आणि फोन उघडण्याची खूण सुनेला माहीत होती. तिला सांगितले की तो चार्ज करून विमानातल्यासारखा ‘फ्लाइट मोड’वर ठेव, व्हॉट्सॲप काढू नकोस, नव्याने नोंदणी करू नकोस, आणि दुसऱ्या फोनने पडद्याचे फोटो घेत जा. मागाहून तिने सबंध चॅट एक्स्पोर्ट करून पाठविले. आवाजातले निरोपही त्या फोनच्या ‘व्हॉइस नोट्स’ या फोल्डरमध्ये निघाले. त्यात काय होते म्हणाल तर ‘जेवलीस का’, ‘आज ताप नाही’, ‘दुधाचे बिल चुकते कर’, ‘पासबुक खालच्या खणात आहे’. बाईंनी ते सारे कागदावर छापून घेतले आहे. एक्स्पोर्ट केलेला मजकूर वाचता येतो, पण तो पुन्हा चॅटमध्ये बसविता येत नाही, हे ध्यानात असू द्यावे.

म्हणून गेलेल्या माणसाचा फोन लगेच साफ करून कोणाला देऊन टाकू नये. १२० दिवस वापर नसला तर व्हॉट्सॲपचे खातेही बंद होते, आणि रिचार्ज न केलेला नंबर काही काळाने दुसऱ्या कोणाला मिळतो.

कुटुंबाच्या ग्रुपवरचे बोलणे तर दहा घरी असते. तेथे मागावयास संकोच कसला? फोन हरवला असेल आणि संगणकावर व्हॉट्सॲप जोडलेले असेल, तर ते फोनवाचून १४ दिवस चालते. नव्या फोनवर नोंदणी करण्याआधी तेथले हवे ते उतरवून घ्यावे. नोटिफिकेशनचा इतिहास आधीपासून चालू असला तर गेल्या २४ तासांतली निरोपाची पहिली ओळ तेथे सापडू शकते. फोटोंसाठी गॅलरी आणि तिची कचरापेटी पाहावी.

दुकानदारांविषयी आणि ‘हमखास परत मिळवून देतो’ म्हणणाऱ्या ॲपांविषयी माझे मत कडक आहे. आपल्या फोनमध्ये बँक असते, फोटो असतात, मुलींचे पत्ते असतात. तो उघडा करून अनोळखी माणसाच्या हाती आठ दिवस देणे म्हणजे तिजोरीसकट घर देणे आहे. ओटीपी विचारणारा किंवा आपला पडदा त्याला दिसेल असे ॲप घालावयास सांगणारा माणूस चोरच समजावा. पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवावे. कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी असले काम होते, पण ते गुन्ह्यांच्या तपासासाठी. आपल्या घरगुती चॅटसाठी नव्हे.

एका चिठ्ठीत विचारले आहे की सुनेने पुसलेले निरोप आपल्याला पाहता येतील का. मी त्याचे उत्तर देणार नाही. चिठ्ठी कोणाची ते मला ठाऊक नाही, आणि चिटणीसबाईंनी शोधूही नये.

मात्र उलटी एक गोष्ट सांगावयाची आहे. कोणी धमकीचे वा घाणेरडे निरोप पाठवीत असेल तर आपल्या बायका लाजेने ते प्रथम पुसतात. ते पुसू नयेत. पडद्याचे फोटो घ्यावेत, त्यात नंबर आणि तारीख दिसू द्यावी, फोन तसाच ठेवावा आणि घरातल्या भरवशाच्या माणसाला दाखवावा. पोलिसांपुढे तोच पुरावा असतो, आणि पाठविणाऱ्याने ‘सर्वांसाठी’ पुसून टाकण्याआधी तो आपल्याजवळ असावा. त्याला ती मुभा दोन दिवसांहून थोडी अधिक असते.

ज्यांना गूगलवर बॅकअप चालू करून हवा आहे त्यांनी येत्या बुधवारी चार वाजता मंडळाच्या खोलीत यावे. दहा मिनिटांचे काम आहे. गूगलची १५ जीबी जागा फुकट असते आणि अँड्रॉइडवरचा हा बॅकअप आता तीतच मोजला जातो, म्हणून सकाळच्या शुभेच्छांची फुले आधी काढून या. बॅकअपला स्वतःचा पासवर्ड घालणार असाल तर तो घरच्या वहीत लिहून ठेवा; तो विसरला तर कंपनीही उघडून देऊ शकत नाही. येताना चार्जर आणा. खोलीत प्लग दोनच आहेत, तेव्हा पाळीपाळीने बसू.