जीभ आमची, तर पेनही आमचा!

(जळगावातल्या कार्यक्रमात झालेलं बोलणं, थोडं संपादित करून.)

काय चाली राहिनं?

बघा, मागच्या रांगेत हसू आलं. मी अजून जोक मारलेलाच नाही. 'काय चाललंय' एवढंच विचारलं, आपल्या अहिराणीत. आज मला याच हसण्याबद्दल बोलायचंय.

मी गेली सात वर्षं जळगाव-धुळ्यात कॉमेडी करतोय. गणपतीचे मंडप, कॉलेजची गॅदरिंग, हळदीचे कार्यक्रम, सगळं केलं. एकदा मुंबईत ऑडिशनला गेलो. मी लिहिलेलं स्किट त्यांना आवडलं. पण रोल मिळाला बावळट गड्याचा. बोली तुझी ठेव, संवाद आमचा लेखक लिहील, असं सांगितलं. त्या लेखकाला अहिराणीचा एक शब्द येत नव्हता. म्हणजे त्यांना माझी जीभ पाहिजे होती, डोकं नको होतं. मी संध्याकाळची गाडी पकडून घरी आलो.

2011 च्या जनगणनेत खानदेशी गटातल्या बोली मातृभाषा म्हणून सांगणारे 18 लाखांहून जास्त लोक आहेत. एवढ्या लोकांत फक्त गडीच जन्माला येतात का भो? डॉक्टर, प्रेमात पडलेली पोरगी, हुशार चोर, कोणीच नाही?

बोलीतून मोठं काम होतं, हे काय मी नवीन सांगत नाही. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये पन्नासहून जास्त पात्रं एकटे उभी करायचे, तीही मराठवाडी बोलीत. लिहिणारे तेच, बोलणारेही तेच. भारत गणेशपुरेंनी 'चला हवा येऊ द्या'मधून वऱ्हाडी घराघरात नेली.

आणि आपल्या जवळचं उदाहरण? धुळ्याहून तासाभरावर मालेगाव. तिथल्या नासिर शेखनं 2000 च्या सुमारास 'मालेगाव के शोले' बनवला. दरोडेखोरांना घोडे परवडेनात, म्हणून ते सायकलवर आले! पुढे सुपरमॅन केला, तर हिरो कोण? शफीक शेख, यंत्रमागावर राबणारा काटकुळा पोरगा. त्यावर फैझा अहमद खान यांनी 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला. शफीक 2011 मध्ये तोंडाच्या कॅन्सरनं गेला. 2025 मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' थिएटरला लागला. या पोरांनी मुंबईकडे रोल मागितला नाही. कॅमेरा आणला, गोष्ट स्वतः लिहिली. लोक त्यांच्यावर नाही, त्यांच्या विनोदावर हसले. फरक इथंच आहे.

पण आपण आपल्याच घरात पण बघू. मालेगावच्या त्या सिनेमांत हिरॉइन बाहेरून आणाव्या लागायच्या, गावातली पोरगी कॅमेऱ्यासमोर येत नव्हती. यूट्यूबवर मालेगावचाच छोटू दादा, म्हणजे शफीक नाट्या, बघता ना तुम्ही? कोट्यवधी व्ह्यूज आहेत. तो दादागिरी करतो म्हणून आपण हसतो, की त्याची उंची कमी आहे म्हणून? एकदा मोबाईल बाजूला ठेवून विचार करा. आपले अहिराणी रील्स उघडा. काळी बायको, जाडी सासू, तोतरा मित्र. जे मुंबईनं आपल्याशी केलं, तेच आपण आपल्यातल्या कमजोर माणसाशी करतोय.

म्हणून माझं मागणं दोन ठिकाणी आहे. चॅनलवाल्यांना: बोली पाहिजे तर त्या बोलीचा लेखक घ्या, त्याचं नाव टाका, त्याला पैसे द्या. आणि तुम्हाला, जे आत्ता इअरफोन लावून ऐकताय: तुमच्या ग्रुपमध्ये जिच्यावर सगळे जोक होतात, पुढचं स्किट तिला लिहू द्या. अहिराणीत, लेवा बोलीत, तडवीत, पावरीत, तिला जमेल तसं.

ती आपल्यावर जोक मारेल. मारू द्या. तेव्हा हसता आलं पाहिजे.

चला, भेटू पुढच्या भागात.